गेमच्या कॉम्प्रेस्ड डेटा फाइल्स उलगडणे, बदलणे आणि पुन्हा बांधणे

मॉड (गेममध्ये आपण केलेला बदल) बनवताना डेटा फाइल उघडणे तुलनेने सोपे असते. टेक्श्चर (पृष्ठभागाचे चित्र) बाहेर निघते, मजकूर वाचता येतो, हवा तो बदलही होतो. मग ती फाइल परत आत घातली की गेम सुरूच होत नाही. दोष बहुतेक वेळा केलेल्या बदलात नसतो, हिशेबात असतो. मोठ्या डेटा फाइलच्या, म्हणजे आर्काइव्हच्या, पोटात शेकडो छोट्या फाइल्स असतात आणि प्रत्येकीची जागा, दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) आकार, मूळ आकार आणि कधीकधी चेकसम (डेटा बिघडला का हे पडताळणारा आकडा) एका अनुक्रमणिकेत नोंदलेला असतो. आतली एक फाइल बदलली की या सगळ्या नोंदी तिच्याशी जुळवाव्या लागतात. म्हणून खाली सर्वांत जास्त जागा या हिशेबालाच दिली आहे.

आर्काइव्हला हात लावायची गरज आहे का?

आधी हे तपासा, कारण पुष्कळ इंजिनांत (गेम चालवणाऱ्या मूळ प्रणालींत) ती गरज नसते. डूम (१९९३) मध्ये मूळ वॅड फाइल तशीच ठेवून वेगळी पीवॅड फाइल जोडता येते. क्वेक (१९९६) पाक०, पाक१ अशा क्रमाने फाइल्स वाचतो आणि एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर मोठ्या क्रमांकाची धरतो. स्कायरिममध्ये डेटा फोल्डरात योग्य मार्गावर ठेवलेली सुटी फाइल बीएसए आर्काइव्हमधल्या फाइलवर मात करते. अनरियल इंजिन ४ च्या बऱ्याच गेममध्ये नावाच्या शेवटी अंडरस्कोर पी असलेली छोटी पाक फाइल मूळ पाकच्या वरचढ ठरते.

असा मार्ग असेल तर तोच घ्या. मूळ फाइल शाबूत राहते, मॉड काढणे म्हणजे एक फाइल पुसणे एवढेच उरते आणि गेमच्या अपडेटमध्ये तुमचे काम वाहून जात नाही. मूळ आर्काइव्ह पुन्हा बांधणे हा शेवटचा उपाय समजा.

तयारी

गेमच्या फोल्डरमध्ये थेट काम करू नका. लागणारे आर्काइव्ह वेगळ्या फोल्डरात कॉपी करा, मूळ प्रतीचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ओळख-आकडा) काढून लिहून ठेवा आणि ती प्रत 'फक्त वाचनासाठी' करा. आपोआप होणारे अपडेट काम संपेपर्यंत थांबवा. स्टीममधली फाइल्सची सचोटी तपासणारी सोय बदललेल्या फाइल्स परत मूळ स्थितीत आणते. बिघाडानंतर ती वरदान आहे, पण चुकून चालवली तर सगळे बदल जातात.

साधने थोडकी पुरतात. एचएक्सडी किंवा इमहेक्स यांपैकी एक हेक्स एडिटर (फाइलचे बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवणारे साधन), लुइजी ऑरिएमा यांचे आर्काइव्ह उलगडणारे क्विकबीएमएस, पायथन आणि टेक्श्चरसाठी डीडीएस फाइल लिहिता येणारा एखादा चित्र-संपादक. गेम कोणती फाइल नेमकी कधी उघडतो हे कळत नसेल तर विंडोजवर प्रोसेस मॉनिटर चालवा, गेमच्या प्रोसेसचे नाव गाळणीत टाका आणि हवा तो नकाशा किंवा मेनू उघडा. यादीत आर्काइव्हचे नाव, वाचलेला ऑफसेट (फाइलमधली जागा, बाइटमध्ये) आणि लांबी दिसते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटे कितीतरी मोलाची.

फाइलची जात ओळखणे

विस्तारनावावर विश्वास ठेवू नका. डॅट, बिन, पाक ही नावे कोणीही काहीही म्हणून वापरतो. हेक्स एडिटरमध्ये पहिले १६ बाइट बघा; दाबण्याच्या नेहमीच्या प्रकारांच्या खुणा खाली आहेत. (हेक्समधली ए ते एफ ही अक्षरे इथे देवनागरीत लिहिली आहेत.)

- ५० ४बी ०३ ०४: झिप. क्वेक ३ च्या पीके३ फाइल्स मुळात झिपच आहेत.
- ७८ ०१, ७८ ९सी किंवा ७८ डीए: झेडलिब.
- १एफ ८बी: जीझिप.
- ०४ २२ ४डी १८: एलझेड४ फ्रेम.
- २८ बी५ २एफ एफडी: झेडस्टँडर्ड.
- ५डी ०० ००: बहुधा एलझेडएमए.

'युनिटीएफएस', 'याझ०', 'बीएसए', 'पॅक' अशी अक्षरे उजवीकडच्या मजकूर-रकान्यात वाचता आली तर काम हलके होते. त्या त्या प्रकाराची तयार साधने आहेत. अनरियलची पाक फाइल मात्र सुरुवातीला काही सांगत नाही. तिची खूण ई१ १२ ६एफ ५ए फाइलच्या शेवटाजवळ असते, म्हणून शेवटचे काहीशे बाइटही बघायची सवय ठेवा.

एक सावधगिरी. ७८ ९सी हे दोनच बाइट आहेत आणि मोठ्या फाइलमध्ये ते योगायोगानेही पुष्कळदा सापडतात. तिथून उलगडून बघितल्याशिवाय तो झेडलिबचा प्रवाह आहे असे मानू नका. झेडलिबच्या शेवटी अॅडलर-३२ चेकसमचे ४ बाइट असतात. उलगडणे तक्रारीशिवाय पूर्ण झाले तरच ओळख पक्की.

कोणतीच खूण सापडत नसेल तर इमहेक्समध्ये एन्ट्रॉपीचा (डेटा किती विस्कळीत दिसतो याचा) आलेख काढा. दाबलेला आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा दोन्ही ८ बिट प्रति बाइटच्या जवळ जातात, त्यामुळे नुसत्या आलेखावरून फरक कळत नाही. पण दाबलेल्या आर्काइव्हमध्ये सहसा अनुक्रमणिका उघडी दिसते आणि अधूनमधून शून्यांची भरती असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट गोंगाट दिसला तर एन्क्रिप्शनची शक्यता मोठी. जिथे शून्ये असायला हवीत तिथे एकच बाइट किंवा एकच छोटा नमुना पुनःपुन्हा दिसला तर ते साधे एक्सॉर (प्रत्येक बाइट किल्लीशी बिटवार मिसळणे) आहे आणि तो नमुना हीच त्याची किल्ली.

अनुक्रमणिका वाचणे

क्वेकची पाक फाइल यासाठी उत्तम पाटी आहे. हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) १२ बाइटचा: ४ बाइट खूण, ४ बाइट अनुक्रमणिकेचा ऑफसेट, ४ बाइट तिची लांबी. प्रत्येक नोंद ६४ बाइटची: ५६ बाइट नाव, ४ बाइट ऑफसेट, ४ बाइट आकार. लांबीला ६४ ने भागले की फाइल्सची संख्या मिळते. यात कॉम्प्रेशन नाही, पण आजच्या आर्काइव्हांचा सांगाडाही असाच असतो, फक्त रकाने जास्त. क्वेक हाताने वाचता आला की अनोळखी फाइलची भीती जाते.

आता दाबलेले उदाहरण घेऊ. समजा एका नोंदीत नावानंतर हे बारा बाइट आहेत: ०० ८० ४१ ००, ५४ २६ ०० ००, ३० ७५ ०० ००. पीसीवरचे गेम सहसा लिटल एंडियन पद्धत वापरतात, म्हणजे लहान वजनाचा बाइट आधी. चारही बाइट उलट्या क्रमाने वाचायचे. पहिला आकडा ००४१८०००, दशमानात ४२,९२,६०८; हा ऑफसेट. दुसरा २६५४, म्हणजे ९,८१२. हा दाबलेला आकार. तिसरा ७५३०, म्हणजे ३०,०००. हा मूळ आकार. ऑफसेटवर उडी मारा. तिथे ७८ ९सी दिसले, तिथून ९,८१२ बाइट घेतले आणि उलगडल्यावर नेमके ३०,००० बाइट निघाले, तर तिन्ही रकाने बरोबर ओळखले. एका नोंदीवर थांबू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन नोंदी तपासा.

ऑफसेट जुळत नसेल तर दोन शक्यता आधी बघा. काही आर्काइव्ह बाइटऐवजी सेक्टर (ठराविक आकाराचे ठोकळे, इथे २,०४८ बाइटचे) मोजतात. वरचाच ऑफसेट ३० ०८ ०० ०० असा लिहिलेला असता तर तो २,०९६ झाला असता, आणि २,०९६ गुणिले २,०४८ म्हणजे तेच ४२,९२,६०८. दुसरी शक्यता, ऑफसेट फाइलच्या सुरुवातीपासून न मोजता डेटा-विभागाच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो. मग प्रत्येक नोंदीत सारखाच फरक दिसतो. आकडे अवाढव्य येत असतील तर बिग एंडियन (मोठ्या वजनाचा बाइट आधी) तपासा. पीएस३, एक्सबॉक्स ३६० आणि वी यांच्या फाइल्समध्ये ते नेहमीचे आहे.

अनुक्रमणिकेत नावेच नसतील तर तिथे नावांचे हॅश असतात. हॅश काढण्याआधी नाव सहसा लहान (लोअरकेस) इंग्रजी अक्षरांत आणले जाते आणि फोल्डरची तिरपी रेघ एकाच दिशेची केली जाते. यात चूक झाली की हॅश पूर्ण वेगळा येतो. हॅशच्या नोंदी अनेकदा चढत्या क्रमाने लावलेल्या असतात, कारण गेम त्यांत बायनरी सर्च (क्रमवार यादी निम्मी-निम्मी करत शोधणे) करतो. नवी फाइल यादीच्या शेवटी चिकटवली तर ती आत असूनही गेमला सापडत नाही, आणि ही चूक शोधता शोधता दिवस जातो.

उलगडताना अडणाऱ्या जागा

पायथनच्या झेडलिब मॉड्यूलने उलगडताना 'हेडर चुकीचा' अशी तक्रार आली आणि बाकी सगळे जुळत असले, तर तो डेटा कच्चा डिफ्लेट असू शकतो, म्हणजे झेडलिबचे २ बाइटचे हेडर आणि शेवटचा चेकसम काढून टाकलेला. विंडो-बिट्सची किंमत उणे १५ द्या, तो उघडतो.

फक्त पहिले ६४ किंवा १२८ केबी निघाले आणि पुढे काहीच नाही, तर फाइल तुकड्यांत दाबलेली आहे. अनरियल इंजिन ३ च्या पॅकेजमध्ये सी१ ८३ २ए ९ई ही खूण, मग तुकड्याचा कमाल आकार (बहुधा ०० ०० ०२ ००, म्हणजे १,३१,०७२ बाइट), मग एकूण दाबलेला आणि मूळ आकार, मग प्रत्येक तुकड्याच्या दोन आकारांची यादी असते. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडून एकामागे एक जोडायचा. परत बांधतानाही त्याच आकाराचे तुकडे करा. सगळे एकाच प्रवाहात दाबले तर गेम पहिल्या तुकड्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

एलझेड४ चा सुटा ब्लॉक आणखी काटेकोर. त्याला हेडर नाही आणि शेवटाची खूणही नाही. दाबलेला आकार एका बाइटनेही चुकला तर उलगडणे बिघडते. झेडलिबमध्ये प्रवाहालाच आपला शेवट ठाऊक असतो, म्हणून मागची थोडी भरती खपून जाते. इथे खपत नाही.

गेमच्या फोल्डरात 'ओओ२कोअर' ने सुरू होणारी डीएलएल फाइल दिसली तर ऊडल कॉम्प्रेशन वापरलेले आहे. क्विकबीएमएसला ऊडल उलगडता येते.

काहीही न बदलता एक फेरी

ही पायरी टाळू नका. आर्काइव्ह उलगडा, एकही बाइट न बदलता परत बांधा आणि गेम चालवा. चालला तर बांधणी बरोबर आहे आणि पुढे काही बिघडले तर दोष तुमच्या बदलात शोधायचा. नाही चालला तर बदल कितीही अचूक करा, उपयोग नाही. या फेरीशिवाय दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळतात आणि कुठली कोणाची ते कळत नाही.

नवे आर्काइव्ह मूळ फाइलशी बाइट-न्-बाइट जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. एकच डेटा वेगळ्या पातळीने किंवा वेगळ्या लायब्ररीने दाबला की दाबलेले बाइट बदलतात. तुलना करायची ती उलगडलेल्या फाइल्सची: दोन्ही आर्काइव्ह वेगळ्या फोल्डरांत उलगडा आणि फाइलवार हॅश ताडा.

बदल करताना

मजकुराच्या फाइल्स साध्या वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. काही एडिटर जतन करताना सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे ३ बाइट गुपचूप घालतात. गेमचा पार्सर (फाइलचा अर्थ लावणारा भाग) पहिल्याच ओळीला अडतो. ओळीच्या शेवटाची पद्धतही मूळ फाइलसारखीच ठेवा. स्ट्रिंगच्या आधी लांबीचा आकडा असेल तर तो अक्षरांचा की बाइटचा हे आधी शोधा: यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइटचे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, आणि 'कि' मध्ये चिन्हे दोन. देवनागरी दाखवायची असेल तर फॉन्टची फाइल बदलून भागत नाही. जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवणारी सोय इंजिनमध्ये नसेल तर अक्षरे तुटूनच दिसतात.

टेक्श्चरमध्ये तीन गोष्टी मूळसारख्या ठेवा: लांबी-रुंदी, कॉम्प्रेशनचा प्रकार आणि मिपमॅपची (दूरून दाखवायच्या लहान प्रतींची) संख्या. १०२४ गुणिले १०२४ चे डीएक्सटी१ टेक्श्चर मिपमॅपशिवाय ५,२४,२८८ बाइट असते. अकराही पातळ्या धरल्या तर ६,९९,०६४. डीडीएस हेडरचे १२८ बाइट वेगळे, आणि बीसी७ सारख्या प्रकारांना आणखी २० बाइटचा जोडहेडर. गेमच्या आत अनेकदा हेडर नसतोच, नुसता चित्राचा डेटा असतो. तेव्हा फाइल घालण्याआधी हेडर कापावा लागतो. तो राहिला तर चित्र सरकते आणि वर रंगीत कचऱ्याची पट्टी दिसते. मिपमॅप विसरले तर जवळून सगळे ठीक दिसते आणि दूरवर पृष्ठभाग काळा पडतो किंवा लुकलुकतो.

आकड्यांच्या तक्त्यांत एका वेळी एकच किंमत बदला, आणि पहिल्यांदा नजरेत भरेल इतकी मोठी. १०० चे १०५ केले तर बदल लागू झाला की नाही हेच कळत नाही.

परत बांधणे

वरचे उदाहरण पुढे नेऊ. बदलानंतर फाइल ३०,००० ऐवजी ३०,६०० बाइटची झाली आणि दाबल्यावर १०,१०५. जुना दाबलेला आकार ९,८१२ होता. पण हे आर्काइव्ह प्रत्येक फाइल २,०४८ च्या पटीवर सुरू करते, म्हणून तिच्या वाट्याची जागा ५ सेक्टर, म्हणजे १०,२४० बाइट आहे. मोकळे होते ४२८, आपल्याला हवे २९३. फाइल बसते. आता ९,८१२ च्या जागी १०,१०५ लिहा: ५४ २६ ०० ०० चे ७९ २७ ०० ००. मूळ आकार ३०,६००: ३० ७५ ०० ०० चे ८८ ७७ ०० ००. उरलेले १३५ बाइट शून्याने भरा. ऑफसेट तसाच.

मूळ आकाराची नोंद विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. गेम त्या आकड्याएवढीच मेमरी बाजूला काढतो. आकडा लहान राहिला तर उलगडलेला डेटा बाहेर सांडतो आणि गेम तिथेच किंवा, त्याहून वाईट, दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी कोसळतो.

फाइल बसत नसेल तर आधी कॉम्प्रेशनची पातळी ९ करा. तरी थोडी उरलीच तर झॉप्फ्ली वापरा. तो झेडलिबच्या कमाल पातळीपेक्षा साधारण ३ ते ८ टक्के लहान फाइल देतो आणि जुना डीकॉम्प्रेसर ती बिनतक्रार वाचतो. वेळ भरपूर लागतो, पण एका फाइलसाठी चालते.

तेही पुरले नाही तर नवी फाइल आर्काइव्हच्या अगदी शेवटी, योग्य पटीवर जोडा आणि नोंदीतला ऑफसेट तिकडे वळवा. जुनी जागा रिकामी पडून राहते; काही बिघडत नाही. हेडरमध्ये आर्काइव्हची एकूण लांबी असेल तर तीही बदला. ऑफसेट ४ बाइटचा असेल तर ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवा. पण खूण आणि अनुक्रमणिका फाइलच्या शेवटाला शोधणाऱ्या प्रकारांत ही युक्ती चालत नाही. तिथे अनुक्रमणिकाच पुन्हा शेवटी लिहावी लागते.

आणखी एक वाट अनेकांच्या लक्षात येत नाही: फाइल न दाबताच ठेवणे. अनुक्रमणिकेत अशी एखादी नोंद शोधा जिचे दोन्ही आकार सारखे आहेत; ध्वनी आणि व्हिडिओच्या फाइल्स बहुधा अशाच असतात. अशी नोंद असेल तर गेमला कच्ची फाइल वाचता येते. कॉम्प्रेशनची खूण दाखवणारा रकाना त्या नोंदीप्रमाणे करा, फाइल शेवटी जोडा, आणि दाबण्याचा प्रश्नच मिटतो.

क्विकबीएमएसची री-इम्पोर्ट सोय हेच काम आपोआप करते. पहिल्या प्रकारात नवी दाबलेली फाइल जुन्या जागेत मावावी लागते, दुसऱ्यात मोठी फाइल शेवटी जोडली जाते. री-इम्पोर्टच्या फोल्डरात फक्त बदललेल्या फाइल्स ठेवा. सगळ्या ठेवल्या तर तो न बदललेल्या फाइल्सही पुन्हा दाबत बसतो आणि त्यांतल्या काही मूळपेक्षा मोठ्या होऊन नाकारल्या जातात. स्क्रिप्टला माहीत नसलेले चेकसम तो सुधारत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चेकसम आहे का हे शोधायची नेहमीची रीत अशी. न बदललेली एक फाइल घ्या, तिच्या दाबलेल्या आणि उलगडलेल्या दोन्ही रूपांचा सीआरसी-३२ (चेकसमचा एक प्रकार) काढा आणि ते चार-चार बाइट आर्काइव्हमध्ये सरळ आणि उलट दोन्ही क्रमांनी शोधा. नोंदीत सापडले तर बदलानंतर तेही नव्याने लिहायचे. आर्काइव्हच्या आत आर्काइव्ह असेल तर हिशेब आतून बाहेर करत या: आधी आतली फाइल, मग आतली अनुक्रमणिका, मग दाबणे, मग बाहेरची नोंद.

युनिटी आणि अनरियल

युनिटीच्या बंडलसाठी यूएबीईए किंवा पायथनमधले युनिटीपाय वापरा. परत बांधताना एलझेड४ निवडा. एलझेडएमएने फाइल लहान होते, पण लोड होण्यास वेळ लागतो. टेक्श्चरचा डेटा अनेकदा शेजारच्या रेसएस फाइलमध्ये असतो. ती हलवली किंवा नाव बदलले की वस्तू रिकाम्या दिसतात. अॅड्रेसेबल्स (युनिटीची बंडल लोड करण्याची प्रणाली) वापरणाऱ्या गेममध्ये कॅटलॉगमध्ये बंडलचा सीआरसी नोंदलेला असू शकतो; तो जुळला नाही तर बंडल लोडच होत नाही.

अनरियलमध्ये यूअॅसेट आणि यूएक्स्प ही जोडी कायम एकत्र हलवा. अॅसेटचा मूळ फोल्डर-मार्ग अक्षरशः तोच ठेवा आणि शक्यतो त्याच आवृत्तीच्या इंजिनाने तो तयार करा. यूटॉक आणि यूकॅस फाइल्स दिसल्या तर गेम नव्या साठवण पद्धतीवर आहे; तिथे जुन्या पद्धतीची पाक फाइल एकटी सहसा पुरत नाही.

बिघाड कुठे झाला?

सुरू होतानाच गेम बंद पडला तर अनुक्रमणिका किंवा हेडर. ठराविक जागी पोहोचल्यावर कोसळला तर ती एक फाइल, बहुधा तिचा मूळ आकार. लोडिंग संपतच नाही तर उलगडणे अयशस्वी होऊन गेम पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असावा. दाबलेला आकार आणि तुकड्यांची यादी बघा. सगळे सुरळीत चालते पण बदल दिसतच नाही, तर गेम दुसरीकडूनच फाइल वाचतो आहे. प्रोसेस मॉनिटरकडे परत जा. अनेक बदल एकत्र केले असतील तर निम्मे काढून बघा, मग उरलेल्यांतले निम्मे. सोळा फाइल्समधली दोषी फाइल चार फेऱ्यांत सापडते.

इतरांना देताना

बदललेले पूर्ण आर्काइव्ह वाटू नका. त्यात गेम बनवणाऱ्यांची मूळ कलाकृती, ध्वनी, सगळे असते आणि ते वाटण्याचा हक्क तुमच्याकडे नाही. एक्सडेल्टा किंवा बीएसडिफने मूळ आणि बदललेल्या फाइलमधला फरक काढा आणि तेवढाच पॅच द्या. सोबत मूळ फाइलचा एसएचए-२५६ हॅश आणि गेमची आवृत्ती लिहा, कारण वेगळ्या आवृत्तीवर तो पॅच लागणार नाही. बदललेल्या फाइल्स घेऊन ऑनलाइन खेळू नका. अँटी-चीटला (फसवणूक पकडणाऱ्या प्रणालीला) टेक्श्चर बदलले की नेम सुधारला याच्याशी देणेघेणे नसते. हॅश जुळला नाही एवढ्यावर खाते बंद होऊ शकते. ऑनलाइन खेळासाठी वेगळी, न बदललेली प्रत ठेवा आणि पॅचच्या सूचनांमध्ये हे अगदी वर लिहा.